उलट्या आट्याची

चाकाचा नट निघत नसेल तर पान्यावर उभं राहावं, असं भौतिकशास्त्र सांगतं. बल गुणिले अंतर म्हणजे आघूर्ण. पाना जितका लांब आणि माणूस जितका वजनदार, तितकं काम सोपं. हे मी एकतीस वर्षं कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बारावीच्या पोरांना फळ्यावर पान्याचं चित्र काढून शिकवलं. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात, एका रविवारी सकाळी, माझं ८४ किलोचं वजन घेऊन मी स्वतःच्या जीपच्या मागच्या डाव्या चाकाच्या पान्यावर उभा राहिलो. नट हलला. मला आनंद झाला. आणखी थोडा हलला. मग 'टक्क' असा आवाज आला आणि पाना खाली, मी त्याच्या शेजारी. बघतो तर नट निघालाच नव्हता. नटासकट स्टडच मोडला होता.

गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रींचं गॅरेज आहे. रविवारी ते बंद असतं आणि मिस्त्री बंद गॅरेजसमोर पेपर वाचत बसतात. ते पेपरवरून नजर न काढता म्हणाले, "सर, त्यो डाव्या बाजूचा नट हाय. उलट्या आट्याचा. धा मिंटं झाली, तुम्ही आवळालाय."

"मग दहा मिनिटं गप्प का बसलात?"

"मला वाटलं, सर हायत म्हंजे कायतरी प्रयोग असंल."

जुन्या विलिस घराण्यातल्या जीपांची ही खोड आहे. उजव्या चाकांचे नट सरळ, डाव्या चाकांचे उलटे. कारण पुन्हा भौतिकशास्त्राचंच. गाडी पुढे धावताना डावं चाक ज्या दिशेने फिरतं, त्या फिरण्याने सरळ आट्याचे नट सैल होण्याची भीती. म्हणून त्या बाजूला आटेच उलटे दिले. खूण म्हणून स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरलेला असतो. माझ्याही स्टडवर होता. मोडलेला तुकडा रॉकेलने पुसला तेव्हा दिसला.

सौ. गॅलरीतून हे बघत होती. "निघाला का हो?" तिने विचारलं.

"निघाला," मी म्हटलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

ही जीप १९८९ सालची. डिझेलची, चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत फोर बाय फोर. एका सरकारी खात्याने ती लिलावात काढली, एका वीटभट्टीवाल्याने घेतली, त्याच्याकडून एका हौशी डॉक्टरांनी आणि डॉक्टरांकडून मी. खात्याने तिच्यावर खर्च केला होता, वीटभट्टीवाल्याने वेल्डिंग केलं होतं, डॉक्टरांनी तिला हातही लावला नव्हता. डॉक्टर चांगले असावेत.

निवृत्तीचे पैसे आले की काशीला जाऊ, असं मी सौ.ला वीस वर्षं सांगत आलो होतो. जीप दारात आली त्या दिवशी तिने ओवाळलं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि शांतपणे विचारलं, "ही काशीपर्यंत जाईल?" मी म्हटलं, "ही कुठेही जाईल." तेव्हापासून आमच्या घरात 'कुठेही' याचा अर्थ 'उद्यमनगरातल्या वर्कशॉपात' असा आहे. मी चप्पल घालून निघालो की ती विचारते, "कुठेही का?"

जीप या वस्तूचा जन्मच घाईत झालेला आहे. १९४० साली अमेरिकन लष्कराने कारखानदारांना सांगितलं, की चारही चाकांना जोर असलेली एक हलकी टेहळणीची गाडी पाहिजे आणि पहिला नमुना ४९ दिवसांत दारात पाहिजे. बँटम नावाच्या एका छोट्या, पैशाने टेकीला आलेल्या कंपनीने ती गाडी शेवटच्या दिवशी, मुदत संपायला अर्धा तास उरलेला असताना नेऊन उभी केली. मग विलिस आणि फोर्ड या मोठ्या मंडळींनी ती महायुद्धात लाखोंनी बनवली. मी हँडब्रेक सोडवून ठेवला त्याला ४९ दिवस झाले, तेव्हा स्फूर्ती मिळावी म्हणून ही गोष्ट मी घरात सांगितली. सौ. म्हणाली, "मग त्यांनाच बोलवा."

आपल्याकडे विलिसची जीप १९४९ मध्ये मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जोडली जाऊ लागली. जी कंपनी ती जोडत होती, तिचं १९४५ मधलं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये इथे कंपनीच्या नावात महिंद्रा दोनदा आलं. जीपच्या घराण्यात सुट्या भागांची परंपरा अशी मुळापासूनची आहे. तो भाग सुटून अर्थमंत्री झाला; माझ्या जीपचे सुटलेले भाग कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या पुढे गेलेले नाहीत. हे लिहिताना एक स्पष्ट करतो, की यात कंपनीचा काही दोष नाही. त्यांनी दिली तेव्हा गाडी चांगली होती असं सगळेच सांगतात. पुढच्या पस्तीस वर्षांत तिच्यावर जे जे प्रसंग आले, ते तिच्या मालकांच्या रूपाने आले.

तिचं खरं दुखणं आंतरराष्ट्रीय स्वरूपाचं आहे. सांगाडा अमेरिकन वळणाचा, म्हणून तिथले बोल्ट इंचातले. पोटातलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन फ्रेंच प्यूजोच्या घराण्यातलं, म्हणून तिथले बोल्ट मिलिमीटरमधले. नऊ-सोळांश इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर होतात. तिथे १४चा पाना बसत नाही. १५चा बसतो, फिरतोही, फक्त त्याच्याबरोबर बोल्ट फिरत नाही. बोल्टाचे कोपरे तेवढे जातात आणि षटकोनाचं वर्तुळ होतं. अर्धा इंच म्हणजे १२.७, तिथे १३चा पाना 'चालतो'. गॅरेजमध्ये 'चालतो' या शब्दाचा अर्थ 'आज चालतो' असा घ्यायचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५, तिथे मात्र १९चा पाना बसतो, आणि दोन खंडांचा एवढा एकच काय तो सलोखा आहे. त्यात वीटभट्टीवाल्याने मधल्या काळात हाताला लागेल तो बोल्ट ठोकलेला. त्यामुळे जीपखाली शिरलं की प्रत्येक बोल्टला आधी "गाव कुठलं?" असं विचारून मगच पाना लावावा लागतो.

शहाण्या माणसाने हे सगळं मिस्त्रींच्या हवाली केलं असतं. पण मी कोल्हापुरात राहतो. या गावात शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. शिवाजी उद्यमनगरात दात तुटलेलं गिअरचं चाक घेऊन जावं, चहा प्यावा, तोवर लेथवरचा माणूस नवं चाक कसं करायचं हे खडूने जमिनीवर काढून दाखवतो. अशा गावात पाना हातात घेतल्यावर माणसाला आपल्याला हे जमणार नाही असं वाटतच नाही. हे आमच्या गावाचं वैभव आहे आणि आमच्या गाड्यांचं दुर्दैव.

सुरुवातीला यशही आलं, तेच वाईट झालं. थर्मोस्टॅटच्या झाकणातून पाणी गळत होतं. पॅकिंग गेलं होतं. दुकानं बंद. घरात एका भाच्याची लग्नपत्रिका होती, चांगल्या जाड कागदाची, सोनेरी कडांची. झाकण तिच्यावर ठेवून पेन्सिलीने आखलं, कात्रीने कापलं, दोन्ही अंगांना ग्रीस लावलं आणि बसवलं. पाणी थांबलं. आजही गळत नाही. 'आपली उपस्थिती हाच आहेर' ही ओळ नेमकी बोल्टाच्या दोन भोकांच्या मधे आली आहे. लग्नाला मात्र आम्ही एक दिवस उशिरा पोचलो, कारण तारीख पत्रिकेवर होती आणि पत्रिका इंजिनावर.

मग ब्रेक.

या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि चार ड्रमांचं एकमत होणं हे चार भावांचं शेताच्या बांधावर एकमत होण्याइतकं दुर्मीळ. ब्रेक दाबला की जीप उजवीकडे ओढायची. मला त्याची इतकी सवय झाली होती की उजवीकडे वळायचं असेल तर मी स्टिअरिंगला हात न लावता नुसता ब्रेक दाबत असे. चाकातल्या सिलिंडरची रबरं बदलली, पण पाइप सोडवले म्हणजे आत एअर शिरते, आणि एअर काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं. दुसऱ्याने चाकामागचं निपल सैल करायचं, बुडबुडे आणि ऑईल बाहेर येऊ द्यायचं, निपल आवळायचं. मगच पहिल्याने पेडल सोडायचं. आधी सोडलं तर आत पुन्हा एअर. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून. मिस्त्रींचा पोऱ्या जत्रेला गेलेला. मी सौ.ला बोलावलं.

"मी 'दाब' म्हटलं की दाबायचं. 'धर' म्हटलं की तसंच धरून ठेवायचं. 'सोड' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. मधे बोलायचं नाही."

तेहेतीस वर्षांच्या संसारात इतके सुटसुटीत हुकूम मी तिला पहिल्यांदाच देत होतो. पहिल्या चाकापर्यंत दोघांनाही मजा आली. सकाळी सातची वेळ. जीपखालून माझा आवाज गल्लीभर जात होता: "दाब... धर... धर... धर... सोड!" तिसऱ्या चाकापर्यंत पोचलो तेव्हा शेजारचे काका आपल्या गॅलरीत पद्मासन घालून बसले होते आणि माझ्या हुकमावर श्वास घेत आणि सोडत होते. त्यांना कुठलातरी वर्ग चालू झाला असं वाटलं. चौथ्या चाकाचं निपल गंजलेलं. ते हलेना. "धर... धर..." जरा लांबलं. काकांचा चेहरा जांभळा होत चालला होता, असं मला नंतर कळलं.

नेमका तेव्हाच सौ.चा फोन वाजला. सांगलीची बहीण. ती ज्या भिशीत होती तिच्यातून बाहेर पडावं की नाही, हा प्रश्न तिला सकाळी सातला पडला होता. मला खालून फक्त पेडलची हालचाल दिसली. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "सोडू नको! काही झालं तरी सोडू नको!"

सौ. फोनवर म्हणाली, "हे सोडू नको म्हणतायत गं."

मेहुणीने भिशी सोडली नाही. पुढे तीन महिन्यांत त्या भिशीचं जे व्हायचं ते झालं, आणि त्याचा ठपका आजही माझ्यावर आहे. दिवाळीला सांगलीला गेलो तर चहा येतो, पण फराळाची ताटली माझ्यासमोर जरा जोरात ठेवली जाते.

एवढं करून ब्रेकचं काम मात्र फत्ते झालं. जीप उजवीकडे ओढायची बंद झाली. आता ती डावीकडे ओढते. सौ. म्हणाली, "गल्लीत शिरल्यावर आपलं घर डावीकडेच आहे. राहू दे."

इथवर दुरुस्ती होती. माणसाने इथेच हात धुवायला हवे होते.

गोसाव्याच्या लंगोटीची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. लंगोटी उंदराने कुरतडली म्हणून त्याने मांजर पाळलं, मांजराला दूध हवं म्हणून गाय आणली, गाईला चारा हवा म्हणून जमीन घेतली, आणि असं करत करत बिचाऱ्याचा संसार उभा राहिला. माझ्या गोष्टीतला उंदीर म्हणजे एक फोटो. पुण्याच्या पुतण्याने मोबाइलवर पाठवला. त्यात माझ्यासारखीच एक जीप होती, पण तिचे टायर असे रुंद आणि उंच, की ती नुसती उभी असताना कुठेतरी निघाल्यासारखी वाटत होती. माझी जीप धावताना कुठेतरी उभी असल्यासारखी वाटते. मी पुतण्याला विचारलं, "किती इंची?" तो म्हणाला, "एकतीस, काका." तिथे लंगोटी कुरतडली गेली.

एकतीस इंची टायर आणले. ते १५ इंची रिमवर बसतात, माझ्या रिमा १६च्या. म्हणजे मोठ्या टायरसाठी लहान रिमा विकत घेतल्या. (हे सौ.ला समजावून सांगायचा प्रयत्न मी तीनदा केला. शेवटी तिने वहीत 'चाके, मोठी, लहान' अशी नोंद केली.) टायर बसवले आणि दारातून जीप बाहेर काढताना पूर्ण वळण घेतलं, तर आतून खर्रर्र असा आवाज. टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासत होते. मग जीप उचलणं आलं. पाट्यांच्या टोकांना लांब शॅकल लावले, एकेक पाटा वाढवला. जीप वर गेली. सौ.ला चढता येईना. मग पायरी वेल्ड केली. नुसतीच पायरी बरी दिसेना म्हणून, हात वेल्डिंगला बसलेला होता तेवढ्यात, पुढे लोखंडी पाइपांचं एक मजबूत क्रॅश गार्ड.

जीप वर गेली, पण गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल यांना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट पूर्वीच्याच लांबीचा आणि आता तिरका. चाळीसच्या पुढे गाडी अशी थरथरायची, की आरशात मागून येणाऱ्या एकाच एसटीच्या मला तीन दिसायच्या. दोन महिन्यांत शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेला. नवा टाकला, तोही गेला. तिकडे रुंद टायरमुळे स्टिअरिंग इतकं जड झालं, की गाडी वळवताना मी सीटवरून उठायचो आणि गाडी जागची हलायची नाही. म्हणून भंगारातल्या दुसऱ्या एका गाडीचं पॉवर स्टिअरिंग आणलं. त्याला पंप लागतो, पंपाला पट्टा, पट्ट्याला पुली, पुलीला ब्रॅकेट. ब्रॅकेट कुठल्याच दुकानात मिळत नाही, कारण असा उद्योग जगात दुसऱ्या कोणी केलेला नसतो.

उद्यमनगरात गेलो. लेथवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मशीन बंद केलं आणि वाकून नमस्कार केला. "सर, ओळखलं न्हाई का? बारावीला तुमच्याच वर्गात. फिजिक्सला पस्तीस."

"शंभरपैकी?"

"व्हय. काठावर सोडलासा तुम्ही."

त्याने ब्रॅकेट करून दिलं. मी घरी येऊन बसवलं. एका आठवड्यात तीन पट्टे तुटले. चौथ्या पट्ट्याला तो स्वतः बघायला आला, पुलीवर सुतळी ताणून धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "सर, ब्रॅकेट बरोबर हाय. तुम्ही मधी वायसर घातलासा, त्यानं पुली तीन एमएम बाहेर आलीया. लाइनीत न्हाई." मग जरा खाली बघत, हळू आवाजात: "बल एका रेषेत पायजे, असं सांगायचासा तुम्ही वर्गात." मी त्याला मनातल्या मनात आणखी चाळीस गुण दिले. पैसे त्याने घेतले नाहीत. मी दिलेले पस्तीस त्याने बहुधा अशा रीतीने फेडले.

एक फायदा मात्र झाला होता, आणि तोही मला मिळाला नाही. टायर उंच झाले की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, पण वेगाच्या काट्याला ते कोणी सांगितलेलं नसतं. काटा ५५ दाखवायचा तेव्हा माझी जीप साठ गाठत होती. तिच्या उत्तरायुष्यातला हा सर्वोच्च वेग, आणि त्याची कुठेच नोंद नाही.

शेवटची सुधारणा म्हणजे फ्री व्हील हब. एरवी मागच्याच चाकांवर चालत असताना पुढची चाकं आपल्याबरोबर आतला अॅक्सल, शाफ्ट हे सगळं उगाच फिरवत असतात. हब 'फ्री' केला की चाक एकटंच फिरतं, डिझेल वाचतं. चिखल आला की खाली उतरायचं, दोन्ही चाकांवरची चकती हाताने 'लॉक'वर फिरवायची, मग आत येऊन फोर बाय फोरचा दांडा ओढायचा. दोन्ही गोष्टी केल्या पाहिजेत. हे वाक्य मी आज किती सहज लिहिलं.

श्रावणात गगनबावड्याला निघालो. तिकडे आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचं भाताचं शेत आहे, मुख्य रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. गगनबावड्याचा पाऊस ज्याने बघितला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. तिथे पाऊस पडत नाही, तो तिथे राहतो. आतला रस्ता म्हणजे लाल लोण्याचा पाट. मी सौ.कडे बघितलं, आयुष्यभर जपून ठेवलेल्या सुरात म्हटलं, "आता बघ," आणि दांडा ओढला. इंजिन गरजलं. मागची चाकं फिरली, रुतली, आणखी फिरली, आणखी रुतली. पुढची चाकं स्थितप्रज्ञ. मी आणखी रेस केली. जीपने मागच्या बाजूने बैठक मारली. मी स्थितिक घर्षणाचा गुणांक मनात मांडला, चिखलाची घनता मांडली, गिअर काढून पुन्हा टाकला. अर्धा तास. एकतीस इंची टायरांवर चिखल असा भरला होता, की ते तेहेतीस इंची झाले होते.

तेवढ्यात मागून एक वडाप आलं. त्याच घराण्यातली, पण साधी, फक्त मागच्या चाकांवर चालणारी जुनी जीप. आत माणसं, टपावर पोती, मागच्या पायरीवर तिघं लोंबकळत. सगळे उतरले. मोजले तर सतरा. कोणी काही न बोलता त्यांनी लेंगे वर खोचले, माझ्या जीपला हात लावले आणि "हर हर महादेव" म्हणून अशी उचलून बाहेर ठेवली, जशी बाजारातून आणलेली परात ठेवावी. वडापचा ड्रायव्हर, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, माझ्या पुढच्या चाकापाशी वाकला, बोटाने चकतीवरचा चिखल पुसला.

"काका, हब फ्रीवर हाय की तुमचा."

त्याने तो फिरवला, दुसऱ्या बाजूचाही फिरवला, हात पँटीला पुसले आणि सतरा जण पुन्हा आत कोंबून, साध्या मागच्या चाकांवर, आमच्या पुढून त्याच चिखलातून निघून गेला. सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डिझेल किती वाचलं?"

२०२४ उजाडलं, आणि जीपची नोंदणी संपली. पहिली पंधरा वर्षं झाली, की पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासायला न्यायची, पर्यावरण कर भरायचा, तिथला साहेब समाधानी झाला तर आणखी पाच वर्षं. मी कागद काढून बसलो आणि कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम. कंपनीने जी गाडी मुळात जशी ठरवली, तिच्यात मालकाने परस्पर बदल करायचे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलेलं. क्रॅश गार्डला तर केंद्र सरकारने २०१७च्या डिसेंबरातच मनाई केलेली. म्हणजे मी ते मोठ्या अभिमानाने वेल्ड करत होतो, तेव्हा ते बेकायदा होऊन वर्षं लोटली होती. मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, विडी पेटवली, म्हणाले, "सर, सगळं काढाय लागतंय."

"सगळं?"

"आधी हुतं तसं. जुनं सामान हाय न्हवं?"

होतं. माळ्यावर होतं. जुने अरुंद टायर, सोळाच्या रिमा, मूळचे शॅकल, मूळचं जड-हलकं जे काय होतं ते स्टिअरिंग. सगळं पोत्यात बांधून, प्रत्येक पोत्यावर सौ.च्या अक्षरात चिठ्ठी लावलेली. हे परत लागणार आहे, याची खात्री त्या घरात एका माणसाला पहिल्या दिवसापासून होती. मिस्त्री, त्यांचा पोऱ्या, लेथवाला माजी विद्यार्थी आणि मी, असे चार दिवस आम्ही सुधारणा उतरवत होतो. पायरी तेवढी सौ.ने काढू दिली नाही. मग जीपच खाली आल्यावर पायरी जमिनीला लागायला लागली आणि तीही गेली. डावीकडचे नट मी स्वतः काढले. उलटे. एकही मोडला नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी जीप सुरू केली. हीटर लावून वीस आकडे मोजले, किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू. रस्त्यावर आलो तर थरथर नाही. स्टिअरिंग दोन बोटांनी फिरत होतं. ब्रेक दाबला, सरळ थांबली. डावीकडेही नाही, उजवीकडेही नाही. (मिस्त्रींनी ब्रेकना परस्पर हात घातला होता. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.) ताराराणी चौकात सिग्नलला उभे असताना सौ. म्हणाली, "ही अशी चालते होय?" मी रस्त्याकडे लक्ष असल्याचं दाखवलं.

साहेबांनी पुढून बघितलं, मागून बघितलं, वाकून खालून बघितलं. दिवे लावून बघितले. स्वतः बसून मैदानात दोन फेऱ्या मारून आले. उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर जरा कौतुकच होतं.

"बरी ठेवलीय हो गाडी," ते कागदावर लिहिता लिहिता म्हणाले. "नाहीतर लोक काय काय उद्योग करून ठेवतात. तुम्ही हिला हातच लावलेला दिसत नाही."

मी घसा खाकरला. सौ. म्हणाली, "नाही हो. ह्यांना त्यातलं काही कळत नाही."

एकतीस इंची टायर आता आमच्या परसात आडवे पडलेले आहेत. दोन सौ.ने लगेच ताब्यात घेतले, त्यांच्यात माती भरली आणि एकात कोथिंबीर, एकात पुदिना लावला. टायरची रुंदी या कामाला फार सोयीची आहे असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. उरलेले दोन मी झाकून ठेवले आहेत. काल पुतण्याचा फोन आला होता. पुढचे पाटे न बदलता, शॅकल न लावता, नुसता एक छोटा स्पेसर टाकला तर म्हणे टायर घासत नाहीत. संध्याकाळी मी टेप घेऊन परसात गेलो, तर सौ. कोथिंबीर खुडत होती.

"किती दिवसांचं पीक असतं गं हे?" मी सहज विचारलं.

तिने टेपकडे बघितलं. मग जुडी बांधली आणि त्याच टायरमध्ये आळूचा कंद लावायला घेतला.